पेटंट कडक करा म्हणजे नेमकं काय करा?

गेल्या अंकात या सदरात मी एक वाक्य लिहिलं होतं: औषधांच्या पेटंटचं संरक्षण वाढवलं की संशोधनात पैसा येतोच, असं नाही. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी आम्लपित्तावरच्या लेखालाही आली नव्हती. काहींनी मला औषध कंपन्यांची वैरी ठरवलं, एका गृहस्थांनी त्याच कंपन्यांची वकील. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. मी सुरुवातीला प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते, नंतरचं आयुष्य पेटंटचे अर्ज लिहिण्यात गेलं. ज्या कुंपणावरून भांडण चाललंय त्याचे काही खांब मी स्वतः रोवलेले आहेत. तेव्हा निवडक पत्रांना उत्तरं देते.

गणिताचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: गोळी बनवायला येणारा खर्च आणि तिची किंमत यांचा मेळ बसत नाही. पेटंट नसतंच तर काय बिघडलं असतं?

सर, तुम्ही धरलेला खर्च दुसऱ्या गोळीचा आहे. पहिली गोळी तयार होईपर्यंतचा खर्च त्यात नाही. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण एकच बाजारात येतं आणि बाकीच्या नऊ जणांचा खर्च त्या एकाच्या माथी बसतो. तो किती, यावर मात्र जोरदार मतभेद आहेत. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये 2.6 अब्ज डॉलर हा आकडा दिला. 2020 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हाच आकडा (मध्यांक धरला तर) 98.5 कोटी डॉलर निघाला. पहिला कंपन्यांनी खासगीत दिलेल्या माहितीवर बेतलेला, दुसरा जाहीर हिशेबांवर. तुम्ही गणिताचे, म्हणून आणखी एक सांगते. त्या 2.6 अब्जांपैकी सुमारे 1.2 अब्ज प्रत्यक्ष खर्च झालेलेच नाहीत. हाच पैसा इतकी वर्षं दुसरीकडे गुंतवला असता तर किती परतावा मिळाला असता, त्याचा तो हिशेब आहे.

लहान आकडा धरला तरी तो मोठाच आहे, आणि नक्कल करणाऱ्याला त्यातला अगदी थोडा सोसावा लागतो. रेणूची रचना प्रसिद्ध झालेली असते, चांगला रसायनतज्ज्ञ तो बनवायची कृती बसवतो. मी बसवल्या आहेत. बऱ्याच उद्योगांचं पेटंटवाचून चालतं, औषधांचं चालणं अवघड आहे, हे मला मान्य आहे.

याच हिशेबातली एक खोच फारशी कोणी बोलत नाही. पेटंटची 20 वर्षं अर्ज केल्या दिवसापासून मोजली जातात, औषध बाजारात आल्यापासून नव्हे. चाचण्या जितक्या लांबतील तितकी कमाईची वर्षं कमी. बुडिश, रोइन आणि विल्यम्स या तीन अमेरिकी अभ्यासकांनी 2015 मध्ये कर्करोगाच्या चाचण्या या नजरेने तपासल्या. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णावर औषध चालतं की नाही ते लवकर कळतं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाला किंवा रोग होऊच नये म्हणून दिलेल्या औषधाचा गुण कळायला वर्षानुवर्षं जातात. कंपन्यांचा पैसा पहिल्याकडे जास्त, दुसऱ्याकडे कमी वळतो, असं त्यांना दिसलं. ज्या औषधाला खरोखर लांब चाचण्या लागतात त्याला जास्त मुदत द्यावी, याच्या बाजूने मला पटलेला हा सर्वांत भक्कम मुद्दा. 'संरक्षण वाढवा' म्हणणाऱ्यांच्या तोंडून तो मला क्वचितच ऐकू येतो.

एक गुंतवणूक सल्लागार लिहितात: भांडवल सुरक्षितता शोधतं. जिथे पेटंट कमकुवत, तिथे कंपनी संशोधन केंद्र कशाला काढेल? तुम्ही प्रश्न भावनेवर नेता.

भावना बाजूला ठेवू आणि कॅनडाची वही उघडू. 1969 मध्ये कॅनडाने पेटंट असलेलं औषध बाहेरून आणून विकण्यासाठी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाची संमती नसतानाही सरकार देतं तो) मिळवणं सोपं केलं. परवाना घेणाऱ्याने पेटंटधारकाला साधारण 4 टक्के स्वामित्वधन द्यायचं. कंपन्यांना हे अर्थातच खुपत होतं. 1987 मध्ये या परवान्यांना लगाम घातला गेला आणि 1993 मध्ये ही पद्धतच मोडीत काढली. बदल्यात कंपन्यांच्या संघटनेने विक्रीच्या 10 टक्के रक्कम देशात संशोधनावर खर्च करण्याचं वचन दिलं. अशी वचनं सगळेच देतात. कॅनडाची हुशारी पुढे आहे. पेटंट असलेल्या औषधांच्या किमतींवर नजर ठेवणारं एक मंडळ त्याच 1987 च्या कायद्याने नेमलं आणि संशोधनावर प्रत्यक्ष किती खर्च झाला, ते दरवर्षी छापण्याचं काम त्याच्याकडे दिलं.

त्या अहवालांमुळे आज आपल्याला वाद घालायची गरज उरत नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यावर प्रमाण 10 टक्क्यांच्या वर होतं. नव्या शतकाच्या सुरुवातीला ते खाली आलं आणि गेल्या दशकात 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास रेंगाळलं. दरम्यान पेटंट सैल झालं होतं म्हणावं, तर तसंही नाही.

असं का होतं? एखाद्या देशाचं पेटंट तिथे विकल्या जाणाऱ्या औषधावर चालतं, ते औषध शोधलं कुठेही गेलेलं असो. प्रयोगशाळा बॉस्टनमध्ये ठेवूनही ओटावात पेटंट घेता येतं, मग ओटावात प्रयोगशाळा का काढायची? ती कुठे काढायची हे विद्यापीठं, मोठी रुग्णालयं, शिकलेली माणसं आणि करसवलती यांवर ठरतं. इटलीत 1978 मध्ये घटना न्यायालयाने औषधांना पेटंट नाकारणारी बंदी उठवली. नंतर शेरर आणि वाइसबर्स्ट यांनी तिथल्या संशोधनखर्चाचा आलेख तपासला, त्यात म्हणण्यासारखी उसळी सापडली नाही. उलट बाजूचं उदाहरण स्वित्झर्लंड. औषध या वस्तूवर तिथे 1977 पर्यंत पेटंटच मिळत नव्हतं, आणि बाझेलच्या कंपन्या तोवर जगभर पसरलेल्याही होत्या.

तुमच्या बाजूचा पुरावाही आहे, तो लपवत नाही. कॉकबर्न, लॅन्जाउ आणि शँकरमन यांनी 1983 ते 2002 या काळातली 642 नवी औषधं 76 देशांत केव्हा पोचली ते पाहिलं. पेटंट लांब आणि व्यापक असलेल्या देशांत औषध लवकर आलं, किमतींवर कडक नियंत्रण असलेल्या देशांत उशिरा. हा फरक किरकोळ नाही, न आलेलं औषध कितीही स्वस्त असून उपयोग काय? तेव्हा तुमच्या पत्रातलं 'संशोधन केंद्र काढणं' खोडून तिथे 'औषध बाजारात आणणं' लिहा, मी खाली सही करते.

एक वाचक लिहितात: आईला हेपटायटिस सी होता. सोफोसबुविरने ती पूर्ण बरी झाली. नंतर वाचलं की हेच औषध अमेरिकेत कितीतरी पट महाग होतं. हा सगळा फरक पेटंटचाच का?

आई बरी झाली हे वाचून फार बरं वाटलं. फरक मुख्यतः पेटंटचा, आणि त्याहून जास्त त्या पेटंटवर कोणाशी काय सौदा झाला याचा. डिसेंबर 2013 मध्ये हे औषध अमेरिकेत आलं तेव्हा 12 आठवड्यांच्या उपचाराची छापील किंमत 84,000 डॉलर होती, म्हणजे दिवसाची एक गोळी 1,000 डॉलरला. लिव्हरपूलच्या अँड्र्यू हिल यांनी कच्च्या मालावरून काढलेला उत्पादनखर्चाचा अंदाज होता तेवढ्याच उपचाराला 68 ते 136 डॉलर. सप्टेंबर 2014 मध्ये या औषधाची पेटंटधारक असलेल्या गिलिअड कंपनीने काही भारतीय जेनेरिक (म्हणजे त्याच औषधाची नक्कल बनवणाऱ्या) उत्पादकांना 91 देशांत विकण्याचे परवाने दिले. त्या यादीत ब्राझील, चीन आणि थायलंड नव्हते. सरासरी उत्पन्न मध्यम आणि गरिबांची संख्या प्रचंड, अशा देशांची या व्यवहारात नेहमीच ओढाताण होते. अतिगरीब देशांना सवलत मिळते, श्रीमंतांचा विमा पैसे भरतो, आणि हे मधले देश पूर्ण भावाच्या रांगेत उभे राहतात.

इजिप्तने काय केलं ते बघा. त्यांनी आधी कंपनीकडून 12 आठवड्यांसाठी 900 डॉलर असा भाव मिळवला. मग तिथल्या पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला, स्थानिक कंपन्या उतरल्या, भाव आणखी कोसळला. 2018-19 मध्ये सरकारने जवळजवळ पाच कोटी प्रौढांची तपासणी करून बाधितांना मोफत औषध दिलं. जगात या रोगाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांपैकी हा एक. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेपटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा सर्वांत आधी त्याला दिला.

एचआयव्हीची गोष्ट याच जातीची. वर्षाला माणशी 10,000 डॉलरहून महाग असलेले तीन औषधांचे उपचार फेब्रुवारी 2001 मध्ये सिप्लाचे युसुफ हमीद यांनी 350 डॉलरला देऊ केले. ते करू शकले कारण 1970 च्या भारतीय कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या कृतीवर होतं. ती मोकळीक 2005 मध्ये संपली. संपल्यावर भाव आकाशाला भिडतील अशी भीती होती. डगन, गार्थवेट आणि गोयल यांच्या 2016 च्या अभ्यासात सरासरी वाढ 3 ते 6 टक्केच दिसली. याचं एक कारण असं की आधीपासून बाजारात असलेल्या नकलांना कायद्याने स्वामित्वधन देऊन चालू राहू दिलं होतं. कायदा कडक झाला, पण त्यातल्या फटी विचारपूर्वक ठेवलेल्या होत्या. सरासरीत मात्र एकेका रुग्णाची गोष्ट बुडते, हेही खरंच.

एक डॉक्टर लिहितात: मग पेटंटच काढून टाका. गरिबाला औषध मिळेल, विषय संपला.

डॉक्टरसाहेब, एफ्लोर्निथिनची गोष्ट ऐका. आफ्रिकेतल्या निद्रारोगावर हे औषध 1990 मध्ये मंजूर झालं. त्याआधी दुसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे रोग मेंदूपर्यंत पोचलेल्या रुग्णाला मेलार्सोप्रॉल देत, ते आर्सेनिकयुक्त, आणि दर शंभरांतले सुमारे पाच रुग्ण त्या औषधानेच मरत. एफ्लोर्निथिन इतकं गुणकारी की बेशुद्ध रुग्ण उठून बसत. तरी 1990 च्या दशकाच्या मध्यावर त्याचं उत्पादन बंद पडलं. अडचण पेटंटची नव्हती, गिऱ्हाइकाची होती. 2000 मध्ये तेच द्रव्य परत आलं, बायकांच्या चेहऱ्यावरची लव कमी करणाऱ्या मलमात. त्याला गिऱ्हाईक होतं. मग बरीच ओरड झाली आणि 2001 मध्ये ॲव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार करून निद्रारोगासाठी ते पुरवायला सुरुवात केली.

1975 ते 1999 या काळात जगात 1,393 नवी औषधद्रव्यं आली. उष्ण कटिबंधातले रोग आणि क्षय मिळून त्यांतली फक्त 16. पेटंट कडक केलं म्हणून हे बदललं का? 1995 च्या जागतिक व्यापार करारानंतरच्या संशोधनाची पाहणी काइल आणि मॅकगॅहन यांनी केली. श्रीमंत देशांतही होणाऱ्या रोगांवरचं संशोधन वाढलेलं दिसलं, फक्त गरिबांच्या रोगांवरचं नाही. पेटंट म्हणजे विकण्याचा एकट्याचा हक्क. घेणाऱ्याचा खिसा रिकामा असेल तर तो हक्क वीस वर्षांचा काय आणि शंभर वर्षांचा काय, सारखाच. आणि तो हक्क रद्द केला तरी नवं काही जन्मत नाही.

निद्रारोगावर शेवटी तोंडाने घ्यायच्या साध्या गोळ्या आल्या: फेक्सिनिडाझोल, 2018. हा रेणू हेक्स्ट कंपनीने 1980 च्या दशकात बाजूला ठेवलेला होता. तो शोधून, सरकारांच्या आणि देणगीदारांच्या पैशावर चाचण्या करून पुढे आणला 2003 मध्ये स्थापन झालेल्या डीएनडीआय या ना-नफा संस्थेने. एफ्लोर्निथिनसाठी सलाइन लावायला परिचारिका आणि खाट लागे, या गोळ्यांचा दहा दिवसांचा डोस बहुतेक रुग्णांना घरी घेता येतो.

एका ओळीचं पत्र: करोनाच्या लशींची पेटंटं उठवली असती तर?

एकट्या त्याने फार झालं नसतं. महासाथ असेतो आपली पेटंटं वापरून कोर्टात खेचणार नाही, असं लस बनवणाऱ्या मॉडर्ना कंपनीने ऑक्टोबर 2020 मध्येच जाहीर केलं होतं. तरी नकला आल्या नाहीत. लस बनवण्याचं खरं ज्ञान अर्जात कमी आणि कारखान्यातल्या माणसांच्या हातात जास्त असतं.

कायद्याची एक विद्यार्थिनी लिहिते: 'संरक्षण वाढवणं' म्हणजे नेमकं कोणतं कलम? आणि 'एव्हरग्रीनिंग' म्हणतात ते काय?

हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायला हवा. 20 वर्षांची किमान मुदत 1995 च्या करारानेच ठरली, ती आता वादाची नाही. वाद असतो त्यावर चढवलेल्या गोष्टींचा. त्यातली एक म्हणजे चाचण्यांच्या माहितीवरचा राखीव हक्क. मूळ कंपनीने सादर केलेल्या माहितीचा आधार घेऊन नकलेला मंजुरी द्यायची नाही, अमुक वर्षं. जॉर्डनने अमेरिकेशी केलेला असा करार 2001 मध्ये लागू झाला. 2007 मध्ये ऑक्सफॅमने पाहिलं तर तिथे पेटंट नसलेल्या 103 नव्या औषधांपैकी 79 टक्क्यांना जेनेरिक स्पर्धकच नव्हता. ऑक्सफॅम ही बाजू घेऊन लढणारी संस्था आहे हे लक्षात ठेवून आकडा वाच, पण गंमत समजून घे: पेटंट नव्हतंच, तरी कुलूप होतं. अशा कलमाने नवा रेणू शोधायला कोणाला हुरूप येतो, ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

एव्हरग्रीनिंग मी जवळून पाहिलंय. मूळ रेणूचं पेटंट संपत आलं की त्याच्या क्षारावर, स्फटिकरूपावर, मात्रेवर, दोन औषधांच्या मिश्रणावर अर्ज जातात. सगळं थोतांड नसतं. नवा क्षार ओल्या हवेत टिकतो, यंत्रात चिकटत नाही, हे खरं काम आहे आणि आम्ही त्यावर रात्री जागवल्या आहेत. प्रश्न इतकाच की त्या कामाचं मोल आणखी अनेक वर्षांची मक्तेदारी इतकं आहे का. ह्युमिरा या संधिवाताच्या इंजेक्शनचं मुख्य पेटंट अमेरिकेत 2016 मध्ये संपलं. भोवती शंभराहून अधिक पेटंटं उभी होती. युरोपात स्पर्धक ऑक्टोबर 2018 मध्ये आले, अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये. औषध तेच आणि रोगही तोच.

भारतीय कायद्यातलं कलम 3(ड) याच जागेवर बोट ठेवतं: ज्ञात द्रव्याच्या नव्या रूपाने गुण वाढत असेल तरच पेटंट. नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेक या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी निकाल देताना औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रुग्णावरचा उपचारात्मक गुण, असा अर्थ लावला. नवं स्फटिकरूप जास्त स्थिर होतं, हाताळायला सोपं होतं, तेवढं पुरलं नाही. रसायनतज्ज्ञ म्हणून मला तेव्हा हा निकाल थोडा लागला होता. निकाल म्हणून तो बरोबर आहे.

आणि यात फक्त कंपन्या आणि सरकारंच असतात असं समजू नकोस. प्रतिरोधी क्षयावरच्या बेडाक्विलिनच्या फ्युमरेट क्षाराचा अर्ज भारतात मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2023 वरून 2027 पर्यंत गेली असती. त्यावर 2019 मध्ये हरकत घेतली नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी. दोघींना क्षय झालेला, दोघींची ऐकण्याची शक्ती जुन्या उपचारांतल्या इंजेक्शनांनी गेलेली. मार्च 2023 मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेडाक्विलिन बनवणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सनने अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या 134 देशांत या औषधाची पेटंटं वापरणार नसल्याचं जाहीर केलं.

ही हरकत कलम 25(1) खाली, नमुना 7अ भरून, पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही घेऊ शकतं. 2024 च्या नियमांनी तिला शुल्क लावलं आणि ती ऐकण्याजोगी आहे का हे पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाने आधी ठरवायचं, अशी पायरी घातली. दोन्ही बदल दिसायला कारकुनी आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले. तुला प्रबंधाला विषय हवा असेल तर हा घे. अर्ज वाचताना प्रस्तावना सोड, शेवटच्या पानांवरच्या दाव्यांपासून, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय ते सांगणाऱ्या वाक्यांपासून, सुरुवात कर. प्रस्तावना आम्ही वाचणाऱ्यासाठी लिहायचो, दावे कोर्टासाठी.